रोह्याला दातांच्या उद्घाटनाला

रोह्याला मुद्दाम जावं असं कारण सहसा कोणाला पडत नाही. ज्यांना पडतं ते तिथल्या कंपन्यांत नोकरीला असतात, नाहीतर त्यांची सोयरीक तिथे असते. मला कारण पडलं ते दातांमुळे, आणि तेही माझ्या नव्हे. माधव हा माझा आतेभाऊ. रोह्यात त्याचा दातांचा दवाखाना आहे. त्याने तोंडात घालायचं एक नवं यंत्र घेतलं होतं, आणि त्याच्या उद्घाटनाला मी पाहुणी म्हणून यावं अशी त्याची इच्छा होती. मी कोल्हापुरात कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आणि तिथल्या तळ्यांवर एक पुस्तक लिहिलं. ते ज्यांनी वाचलं ते सगळे मला नावानिशी माहीत आहेत. पण माधवने निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावामागे 'सुप्रसिद्ध लेखिका' असं छापूनच मला फोन केला होता. त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

पेण

माधव मला न्यायला पेणपर्यंत गाडी घेऊन आला होता. श्रावण सुरू झाला होता आणि पाऊस असा पडत होता, की तो थांबण्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नव्हतं. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे तो बिऱ्हाड करून राहतो.

पेणमध्ये गणपती सगळीकडे असतात. दुकानात, पडवीत, जिन्याखाली, बंद पडलेल्या हॉटेलात. रंग न लावलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने बसवलेल्या आणि त्यांच्यावर गळक्या छपरासाठी प्लास्टिक पसरलेलं. डोळे अजून काढलेले नव्हते. इतक्या देवांनी एकदम आपल्याकडे न पाहणं हा अनुभव पहिल्यांदा घेतला. माधवने पाहुण्यांना भेट द्यायला छोट्या मूर्ती सांगून ठेवल्या होत्या. त्या खोक्यात भरून घेतल्या, सोबत पोह्याचे पापड घेतले आणि आम्ही निघालो.

"कशाला घेतलंस रे हे मशीन?" मी विचारलं.

"ताई, हल्ली पेशंट दारातूनच विचारतो, डिजिटल हाय का? नाय म्हटलं की तो सरळ पनवेल गाठतो."

"आणि पूर्वी काय विचारायचा?"

"दुखेल का, असं विचारायचा."

माधव माझ्याहून बराच लहान आहे. मनाने चांगला, हाताने हलका. त्याने आयुष्यभर लोकांच्या तोंडात तो गुलाबी लगदा भरून दातांची मापं घेतली. लगद्याने माणसाला उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं. आता त्याऐवजी एक कॅमेरा तोंडात फिरवायचा की दातांचं चित्र समोरच्या पडद्यावर उभं राहतं, आणि ते चित्र पाठवलं की दुसऱ्या गावातल्या यंत्रातून कॅप तयार होऊन येते. हे तो इतक्या आनंदाने सांगत होता की मी शंका काढायच्या थांबले. रस्त्यातले खड्डे त्या बाबतीत माझी जागा चालवत होते.

गडबजवळ चहाला थांबलो. दोन्ही बाजूंना भाताची लावणी झालेली, हिरवं इतकं की डोळ्यांना ते खरं वाटू नये. टपरीवरच्या बाईने एका हाताने चहा गाळला आणि दुसऱ्या हाताने डबीतली काळी पूड बोटावर घेऊन हिरडीला लावली. आमच्याकडेही बायका लावतात. आमच्याकडे मिसरी म्हणतात, इकडे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायची. फरक एवढाच, की आमच्याकडे त्यासाठी पाठ फिरवतात, आणि इथे ती लावता लावता गिऱ्हाइकाशी बोलतात.

"तंबाखू बरी नव्हे," मी उगाचच म्हणाले. दातांच्या डॉक्टरचं मीठ खाणार होते, तेव्हा एवढं बोलणं भाग होतं.

"तंबाखू?" बाईला माझी कीव आली. "तंबाखू तो खातो." तिने बाकावर आडव्या झालेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "मी नाय खात. मी मशेरी लावतंय, दात घासायला."

"दिवसातून किती वेळा घासता?"

"तलफ आली की घासायचे."

माधव हसला. त्याला हे रोजचंच होतं.

रोहा

रात्री माधवकडे वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि खोबरं. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाशिवायचं जेवण म्हणजे दवाखान्यातलं जेवण वाटतं. पण त्या भाकरीपुढे मी मुकाट्याने हार मानली. सकाळी पुलावर जाऊन कुंडलिका पाहिली. मातकट, फुगलेली आणि घाईत. पलीकडे अष्टमी हे गाव, तिकडून शिफ्टला निघालेल्या मोटारसायकलींची रांग रोह्याकडे येत होती. प्रत्येकाच्या अंगावर रेनकोट आणि चेहऱ्यावर एकच भाव, की आजचा दिवस कालच्यासारखाच जाणार आहे.

कार्यक्रम दवाखान्याखालच्या हॉलमध्ये होता. व्यासपीठ, समई, फुलांची कमान आणि कमानीवर माधवचा हसरा फोटो. फोटोतले दात त्याचे नव्हते. कॉम्प्युटरने सुधारलेले होते. माणूस स्वतःच्या दवाखान्याच्या जाहिरातीतही स्वतःचे दात वापरू शकत नाही, हे पाहून मला जरा वाईट वाटलं. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. कॅमेऱ्याच्या टोकाला झेंडूचं फूल वाहिलं, मग यंत्राच्या कंपनीचा माणूस धावत आला आणि त्याने ते फूल काढून टोक औषधाने पुसलं. तालुक्यातले एक मोठे पुढारी अध्यक्ष होते. ते वाटेत होते. पुढारी नेहमी वाटेत असतात.

ते येईपर्यंत प्रात्यक्षिक करायचं ठरलं. त्यासाठी एक बाई आधीच बोलावून ठेवली होती. हिराबाई नावाची, साठीची, काटक, हिरव्या लुगड्यातली. तिचा मुलगा नितेश इथल्या कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, राहायला अष्टमीत. माधवने त्याला सांगितलं होतं, की प्रात्यक्षिकाला दात भक्कम असलेलं कोणीतरी पाहिजे, लोकांना बघायला बरं वाटलं पाहिजे. त्यावर त्याने आईला पेणजवळच्या जोह्याहून आणलं होतं. ती खाडीकाठची. उन्हाळ्यात मिठागरावर काम करायची, पावसाळ्यात जोह्याला गणपतीच्या कारखान्यात. ती व्यासपीठाशेजारी माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती.

कंपनीच्या माणसाने हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर तिची माहिती भरली. नाव. वय. मधुमेह? नाय. रक्तदाब? नाय. तंबाखू?

"नाय," हिराबाई म्हणाली.

मला गडबची टपरी आठवली. पण परक्याच्या उद्घाटनात पाहुणीने तोंड घालू नये असा आपला संस्कार, आणि मी तो पाळला.

"वैनी, तुमचे पण दात दाखवतील काय?" तिने मला हळूच विचारलं.

"माझे दाखवण्यासारखे नाहीत."

"माजे हायत," ती म्हणाली, पण त्यात ऐट नव्हती. ती लुगड्याचा पदर सारखा मुठीत घेत होती आणि सोडत होती. मी समजले, लोकांपुढे जायची धास्ती आहे.

तिला खुर्चीत आडवं केलं. मागच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. माधव कॅमेरा फिरवू लागला आणि पडद्यावर एकेक दात उगवायला लागला. खरोखरच सुरेख दिसत होतं, खोटं कशाला बोलू. सुपारीएवढ्या दाढा, काळसर झालेल्या, पण मुळापासून घट्ट. लोक ओ, अरे, बघा करत होते. कंपनीचा माणूस माइकवर सांगत होता, "बघा, गाल, ओठ, जीभ, जे आपल्याला नको ते मशीन स्वतःच कापून टाकतं. फक्त दात ठेवतं. आपल्याला काहीच करावं लागत नाही."

मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट होती. त्यात कॅमेऱ्याला त्या क्षणी जे दिसतंय ते जसंच्या तसं दिसायचं. तिकडे कोणी बघत नव्हतं. मीही बघत नव्हते. मी माधवकडे बघत होते, कारण त्याचा हात थांबला होता.

"सर, पुढे घ्या," कंपनीचा माणूस म्हणाला.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. पुढारी आले. पन्नास खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज झाला. माधवने दाराकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे घेतला. पडद्यावर हिराबाईचा खालचा जबडा पूर्ण झाला, गोल फिरला, स्वच्छ, कडेने नीट कापलेला. पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

हिराबाई उठून बसली. "झालं?" तिने माधवला विचारलं.

"झालं. एकदम छान," माधव म्हणाला.

ती हसली. त्या दिवसात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग पुढाऱ्यांनी रोह्याचं सिंगापूर होणार असल्याचं सांगितलं, मला शाल आणि नारळ मिळाला, आणि मी तळ्यांविषयी चार वाक्यं बोलले. ती कोणी ऐकली नाहीत, हे बरंच झालं.

जोह्याकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी माधव चहा समोर ठेवून नुसताच बसला होता.

"ताई, काल मला काहीतरी दिसलं," तो म्हणाला. "तिच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेला. पांढरा चट्टा, कडेला लाल. म्हणजे मला वाटतं, दिसलं."

"वाटतं म्हणजे?"

"काल लोक गेल्यावर फाइल उघडून बघितली. नाही त्यात. मशीनने कापून टाकलंय. दात सोडून सगळं कापतं ते, तसंच बनवलंय. लगद्याचं माप असतं ना, तर तिथला खडबडीतपणा तरी उमटला असता कदाचित." त्याने चहा बाजूला सरकवला. "आणि तिने तंबाखू नाही म्हणून सांगितलंय."

"मशेरी लावत असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. वर्षानुवर्षं त्या भागात दवाखाना चालवलेल्या माणसाला हे मी सांगायला हवं होतं असं नव्हे. त्याला ते ठाऊक होतं. पाटीवर ते विचारलेलं नव्हतं, आणि काल तो पाटीचं ऐकत होता.

नितेशला फोन केला. त्याची पहिली शिफ्ट, फोन लॉकरमध्ये. दवाखान्यात काम करणारी मुलगी म्हणाली, हिराबाई पहिल्याच गाडीने गेली, गणपतीच्या कारखान्यात खाडा चालत नाही म्हणून. माधवने सकाळचे पेशंट दुपारवर ढकलले आणि आम्ही परत पेणच्या दिशेने निघालो. परवाच्या रस्त्यावरून, त्याच खड्ड्यांतून, पण या वेळी त्याने एकाही खड्ड्याला शिवी दिली नाही.

जोह्याचा कारखाना म्हणजे शेताच्या बांधाला लागून एक लांबलचक शेड. आत बायका जमिनीवर बसून पॉलिश कागदाने मूर्ती घासत होत्या. हवेत पांढरी धूळ. प्रत्येकीच्या भुवया पांढऱ्या झालेल्या, त्यामुळे त्या सगळ्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

"हिरे, तुजे दातांचे डॉक्टर आयले गो," एकजण ओरडली.

"आता हिला सिनेमात घेणार."

"सिनेमात नाय, पेस्टच्या जाहिरातीत."

नितेशने कालची ती फिरणारी जबड्याची फिल्म मोबाइलवर स्टेटसला लावली होती. खाली लिहिलं होतं, 'आईचे दात, एक नंबर'. आम्ही तिथे उभे असेपर्यंत तीन बायकांनी मला ती आपापल्या फोनवर दाखवली. दात गोल फिरत होते आणि कडेला, जिथे ओठ असायला हवा, तिथे काही नव्हतं.

माधवने हिराबाईला शेडच्या दाराशी उजेडात आणलं. आरसा आणि बॅटरी त्याने सोबत घेतली होती. "जरा तोंड उघड बघू."

"काल उघडलं की."

"आज परत उघड."

तिने उघडलं. त्याने बोटाने ओठ खाली ओढला. मी मागे उभी होते, तरी मला दिसलं. मशेरी जिथे दाबून ठेवतात त्याच जागी, नखाएवढं, पांढरं आणि खरबरीत, कडेला लाल. माधवने गळ्याच्या दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं आणि एका जागी त्याची बोटं रेंगाळली.

"हे कधीपासून आहे?"

"मीठ उचलत व्हतू तवापासून."

"दुखतं?"

"नाय. जीभ लागते तिथं, येवढंच."

"मग कोणाला सांगितलं का नाहीस?"

हिराबाईने लुगड्याने ओठ पुसला. ओठाला पांढरी पूड लागली. "सांगायचं काय? सांगितलं की लगेच मुंबई, आन मुंबईला गेलेली आमची कोण परत आली नाय धड. जाऊ आमची गेली. नितेश बोलला, डॉक्टरांना मशीनसाठी चांगले दात पायजेत. मी बोलली, माजे घे. मना वाटलं, मशीन मोठं हाय, त्यात दिसल. आपल्याला तोंडानी बोलायला नको."

माधवने बॅटरी बंद केली.

"तुमाला दिसलं पण," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. ती घडलेलं सांगत होती. "तुमचा हात थांबला. मना कळला. मी डोळे मिटले. मंग तुमी पुढं गेलात, आन टीव्हीवर पण काय नाय, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, झालं? तुमी बोललात, एकदम छान. मी बोलली, सुटली."

बायकांचा कागद घासण्याचा आवाज तेवढा चालू होता. त्या ऐकत होत्या, म्हणून घासत होत्या.

"ते छान मी दातांना म्हणालो होतो," माधव म्हणाला.

"मना काय म्हाईत."

मग त्याने तिला समजावलं, जमिनीवर तिच्यासमोर उकिडवं बसून. तुकडा काढून तपासायला लागेल. लवकर. ती म्हणाली, गणपती होऊ दे. तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मालकानं उचल दिलीय, मूर्ती अडतील. तो म्हणाला, मालकाशी मी बोलतो. ती म्हणाली, गौरी तरी होऊ दे. तो म्हणाला, हिराबाई, याच आठवड्यात. त्याचा आवाज इतका लहान झाला होता, की तिनेच शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या शर्टावर पाच पांढरी बोटं उमटली.

प्रवासवर्णनाचा शेवट प्रसन्न असावा अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. ती मला पुरी करता येत नाही, तेव्हा पुढचं इथेच सांगून टाकते. तुकडा तपासला. जे असू नये तेच होतं, आणि ते गळ्यातल्या गाठीपर्यंत गेलेलं होतं. ऑपरेशन गणपतीच्या आधी झालं. खालच्या जबड्याचा समोरचा भाग काढावा लागला, त्याबरोबर ते भक्कम दातही गेले. हिराबाई अष्टमीत मुलाकडे आहे. पातळ पेज पिते. बोलते, पण ते फक्त नितेशला कळतं. उन्हाळ्यापासूनच उशीर झाला होता आणि एका दिवसाने काही बिघडलं नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी माधवला सांगितलं. माधव ते मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगतो. मी दर वेळी हो म्हणते. मशीन तो वापरतो, आणि चांगलं चालतं असंही म्हणतो. फक्त कॅमेरा लावायच्या आधी प्रत्येकाचा ओठ स्वतः बोटाने ओढून बघतो आणि पाटी बाजूला ठेवून विचारतो, मशेरी लावता का. लोक सगळे हो म्हणतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी जोह्याच्या शेडमध्ये हिराबाई अखेर यायला तयार झाली, ती एका अटीवर.

"नितेशला मी काल राती सांगितलं," ती म्हणाली. "बोलली, असा असा डाग हाय, तुला बोलली नव्हती, पण आता डॉक्टरांनी मशीननी बगितला आन काय नाय. पोर रडला. तवाच त्यानं ते मोबाइलवर लावलं. त्याला चांगलं मी सांगितलंय. वाईट तुमी सांगा."

पहिली शिफ्ट सुटेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. कोणीतरी कोरा चहा दिला. मग माधवने फोन लावला. बाहेर पाऊस होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर ठेवून कानाजवळ धरला होता, आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"डॉक्टर, स्टेटस बघितला काय?" नितेशचा आवाज मोकळा, मागे मोटारसायकली सुरू होत असलेल्या. "सगळी लाइन विचारते, कोणाचे दात म्हणून."

"नितेश, आईच्या तोंडातल्या त्या डागाबद्दल बोलायचंय. मी जोह्याला आलोय."

"ते बोलली आई. काय नाय ना ते? तुमी बघितला ना काल?"

"बघितला."

"मग?"

"तो चांगला नाहीये. तपासायला न्यावं लागेल."

मोटारसायकलींचा आवाज लांब गेला. नितेश कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असावा.

"काल दिसला होता तुमाला?"

"हो."

"मग काल का नाय बोललात?"

माधवने माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्याकडे असावं. "पाहुणे होते रे," तो म्हणाला.

हिराबाईने हात लुगड्याला पुसले, एकदा, दोनदा. धूळ निघत नव्हती.

"आईला द्या," नितेश म्हणाला.